वर खोल्या चढवायच्या आधी पाया उकरून बघा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पेपरची घरांवरची पुरवणी मी नेमाने वाचते, रंग, पडदे, छोट्या खोलीत फर्निचर कसं बसवायचं हे सगळं छान असतं आणि मला आवडतं पण. पण घरात माणसं वाढली आणि खोली वाढवायची वेळ आली तर सुरुवात कुठून करायची, कुणाला विचारायचं, काय तपासायचं याबद्दल कधी काही वाचल्याचं आठवत नाही. आम्ही गेली दोन वर्षं याच कामातून गेलोय म्हणून हे पत्र. मोठं झालंय, छापताना कापलंत तरी चालेल, फक्त पायाबद्दल जे लिहिलंय ते कापू नका एवढी विनंती.

आमचं घर सासऱ्यांनी तीसेक वर्षांपूर्वी बांधलेलं. दोन खोल्या, हॉल, किचन, मागे नंतर जोडलेलं बाथरूम. तेव्हा घरात पाच माणसं होती. मग आमची दोन मुलं झाली, मग धाकट्या दिरांचं लग्न, आणि त्यांना जुळं झालं तेव्हा आम्ही दहा जण झालो. सासूबाईंचा पलंग पॅसेजमध्ये आला, माझा मोठा मुलगा दहावीचा अभ्यास सगळे झोपल्यावर किचनच्या ओट्याशी उभं राहून करायचा, जाऊबाई बाळांना दूध पाजायला दार लावायची तर बाकीच्यांनी हॉलमध्ये थांबायचं. कुणाचा कुणावर राग नव्हता, पण जागा नसली की साध्या साध्या गोष्टीवरून आवाज चढतात, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. तर ठरलं की वर चार खोल्या काढायच्या.

ओळखीतले एक गवंडी आले. गच्चीवर गेले, पाय आपटून बघितला, म्हणाले स्लॅब एकदम भक्कम आहे, बिनधास्त चढवा. आणि गच्चीवर कॉलमच्या सळया वर काढून ठेवलेल्या होत्याच. सासरे म्हणायचे "मी त्या सोडून ठेवल्यात त्या याच दिवसासाठी." आम्हाला सगळ्यांना त्या सळया म्हणजे परवानगीच वाटायची, जसं काही घराने स्वतःच सांगून ठेवलंय की अजून एक मजला घ्या. गावोगाव घरांवर अशा सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात, माझ्या मते निम्म्या लोकांचा तरी हाच समज असेल.

माझ्या नणंदेची मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती त्या दिवशी आलेली, सगळं ऐकत होती, काही बोलली नाही, आणि मग मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब करायला बसली. तो हिशोब मी इथे देते कारण त्याने माझे डोळे उघडले. दहा बाय बारा फुटांची एक साधी खोली, दहा फूट उंच, चारही बाजूंना नऊ इंची विटांची भिंत. दार खिडक्या वजा करून नुसत्या भिंतींचंच वजन सोळा टनाच्या आसपास जातं. वर पाच इंची स्लॅब, भिंतींवर येणारा भाग धरून, तो साडेचार टनांच्या आसपास. म्हणजे एक खोली साधारण २० टन, आणि यात अजून फरशी नाही, कोबा नाही, कपाटं नाहीत, माणसं नाहीत. आम्ही चार खोल्या म्हणत होतो. वर पाण्याची १००० लिटरची टाकी ठेवायची होती ती भरली की पाण्याचंच वजन १ टन. हे सगळं खालच्या भिंतींवरून, कॉलमवरून शेवटी जमिनीत जाणार, आणि गवंड्याने बघितलं काय तर स्लॅब. स्लॅबवर पाय आपटून स्लॅबबद्दल फार काही कळत नाही, पायाबद्दल तर काहीच कळत नाही, कारण वरच्या मजल्याचा भार त्या स्लॅबच्या मधोमध नाही तर भिंती आणि कॉलममधून खाली जातो. हे तिने समजावलं तेव्हा मला एकदम वाटलं की आपण इतके दिवस चुकीच्या जागी बघत होतो.

मग आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअर, म्हणजे इमारत किती भार पेलेल हे तपासणारे, बोलावले. घरात यावरून वाद झाला, खोटं कशाला बोलू, दीर म्हणाले आधीच पैसे कमी त्यात नुसतं बघायचे पैसे कशाला द्यायचे. पण सासूबाई म्हणाल्या माझी नातवंडं खाली झोपणार आहेत, बघून घ्या, आणि तो विषय तिथेच मिटला.

इंजिनिअरांनी पहिलं काम काय केलं तर गच्चीवर गेलेच नाहीत. घराच्या दोन कोपऱ्यांशी जमीन उकरायला लावली, पाया उघडा पडेपर्यंत. किती खोल आहे, किती रुंद आहे, खाली मुरूम आहे का काळी माती आहे हे डोळ्याने बघितलं. काळी माती असेल तर ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्यावरचं घर दर वर्षी थोडं थोडं हलत असतं, त्यामुळे तिथे वजन वाढवायचा विचार फार जपून करावा लागतो. आमच्याकडे सुदैवाने कडक मुरूम निघाला. पण दुसरी गोष्ट निघाली जी सासऱ्यांनाही आठवत नव्हती, घराचा पुढचा अर्धा भाग कॉलम-बीमवर आहे आणि मागचा अर्धा नुसत्या विटांच्या भिंतींवर, त्याचा पाया अरुंद. तेव्हा पैसे संपले म्हणून मागचा भाग तसा उरकलेला. प्लास्टर आणि रंग झाल्यावर दोन्ही सारखेच दिसतात ना, तीस वर्षं आम्ही त्यात राहिलो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आणि त्या सळया. त्या जेमतेम फूटभर वर होत्या आणि इतक्या वर्षांच्या पावसाने गंजून पापुद्रे सुटलेले. नवीन सळई जुन्या सळईला जोडताना दोन्ही एकमेकींच्या बाजूने बऱ्याच लांबीपर्यंत जाव्या लागतात, सर्वसाधारण नियम सळईच्या जाडीच्या पन्नास पटींच्या आसपासचा, म्हणजे १२ एमएमच्या सळईला साधारण ६०० एमएम, दोन फूट. आमच्याकडे निम्मी लांबी, ती पण गंजलेली. शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडत जातो आणि त्या भेगेतून पाणी कॉलमच्या आत उतरतं. म्हणजे पुढच्या पिढीसाठी प्रेमाने सोडलेल्या सळया उघड्या ठेवल्यामुळे खालच्याच कॉलमचं नुकसान करत होत्या. सासरे हे ऐकून बराच वेळ गप्प बसले, मला फार वाईट वाटलं. ज्यांच्या गच्चीवर अशा सळया असतील त्यांनी निदान आजच्या आज त्यांना गंजरोधक लेप लावून वर पातळ काँक्रीटचं आवरण तरी करून घ्यावं, पुढे मजला घ्या किंवा घेऊ नका.

इंजिनिअरांनी स्प्रिंगच्या हातोड्यासारख्या यंत्राने कॉलमवर ठिकठिकाणी ठोकून काँक्रीट किती कडक आहे तेही तपासलं, आणि मग निर्णय दिला. मागच्या भागावर काहीही चढवायचं नाही. पुढच्या भागावर दोन खोल्या आणि एक बाथरूम, त्या पण विटांच्या नाही, हलक्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या. विटेचं एक घनमीटर बांधकाम १९०० किलोच्या आसपास भरतं आणि हे ब्लॉक साडेपाचशे ते साडेसहाशे किलोच्या दरम्यान. सहा इंची ब्लॉकची भिंत घेतली तर त्याच खोलीच्या भिंती सोळा टनांवरून चार टनांच्या आत येतात. वरचं छप्पर पण स्लॅबऐवजी लोखंडी सांगाडा आणि इन्सुलेशन असलेले पत्रे. जुन्या कॉलमना वरून ड्रिल करून केमिकलने नवीन सळया बसवल्या, दोन कॉलमना बाहेरून जाकीट घातलं म्हणजे नवीन सळया आणि काँक्रीटचा थर देऊन जाड केले.

चार खोल्यांचं स्वप्न दोनवर आलं. दीर नाराज झाले, साहजिक आहे, त्यांना वाटलं आपल्या वाट्याची खोली गेली. पण त्या नाराजीतूनच एक चांगली गोष्ट झाली, आम्ही पहिल्यांदा नीट बसून बोललो की कुणाला नक्की काय पाहिजे. तोपर्यंत आम्ही खोल्या मोजत होतो. कागदावर प्रत्येकाचं नाव लिहिलं आणि पुढे आज, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी असे रकाने केले. त्यात काय दिसलं बघा. जुळ्यांना अजून सात-आठ वर्षं वेगळी खोली नकोच आहे, त्यांना आईबापाजवळच झोपायचंय. मोठ्याला खोली आत्ता पाहिजे, आणि तीन-चार वर्षांत तो शिकायला बाहेर जाणार, मग तीच खोली मुलीची होणार. सासूबाईंना खोली पाहिजेच पण खाली पाहिजे, आणि तिला लागून बाथरूम पाहिजे, रात्री दोनदा उठतात त्या. आणि सगळ्यात जास्त जागा कोण अडवून बसलं होतं तर सामान. मागच्या खोलीत भिंतीला लागून ट्रंका, जुनी गादी, बंद पडलेला फ्रिज, कुणाची तरी कॉलेजची पुस्तकं, ते एका आठवड्यात काढलं आणि ती अख्खी खोली सासूबाईंना मिळाली. चारमधली एक खोली आम्हाला एकही वीट न लावता मिळाली, हे मला आजही खरं वाटत नाही.

जिन्याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता, तेही सांगते. दहा फूट उंची चढायला सात इंचाच्या १७ पायऱ्या लागतात, एकेका पायरीची रुंदी दहा इंच धरली तरी सरळ जिन्याला तेरा फुटांच्या वर लांबी लागते, रुंदी तीन फूट तरी. म्हणजे वर खोली मिळवण्यासाठी खालच्या खोलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. जागा वाचवायला लोक पायऱ्या उंच आणि अरुंद करतात आणि मग त्या जिन्यावरून कडेवर लेकरू घेऊन उतरायचं म्हणजे रोज जीव मुठीत. आम्ही जिना बाहेरून घेतला, मध्ये वळणाचा, पायऱ्या सात इंचांच्याच ठेवल्या.

आता मागच्या बाथरूमची गोष्ट, कारण वर चढवण्याऐवजी बाजूला वाढवणारे पण खूप असतात आणि त्यांना वाटतं त्यात काय धोका नाही. आमचं ते बाथरूम बारा वर्षांपूर्वी जोडलेलं. जुन्या भिंतीत विटांचे दात काढून नवी भिंत अडकवलेली, पाया जुन्याच्या मानाने वरवर. पहिल्याच पावसानंतर जोडावर उभी भेग पडली. आम्ही ती दर वर्षी बुजवायचो, सिमेंट भरायचो, रंग द्यायचो आणि पुढच्या वर्षी ती परत तिथेच. आम्ही त्या मिस्त्रीला नावं ठेवायचो की माल खराब वापरला. आता कळलं की जुनं घर बांधल्यावर पहिल्या काही वर्षांत जमिनीत जेवढं बसायचं तेवढं बसून गेलेलं असतं, नवीन बांधकाम त्यानंतर बसायला लागतं, आणि दोघांना एकमेकांत घट्ट बांधलं की नवं खाली जाताना जुन्याला ओढतं. म्हणून जोडताना दोन्हींच्या मध्ये मुद्दाम फट ठेवतात, ती लवचिक मालाने भरतात आणि वरून पाणी जाणार नाही अशी पट्टी लावतात. भेग पडणारच असेल तर ती आपण ठरवलेल्या जागी सरळ पडावी. बारा वर्षं आम्ही रंगावर खर्च केला आणि कारण जमिनीत होतं.

आतली भिंत पाडून हॉल मोठा करायचा विचार पण घरोघरी असतो, त्याबद्दल एकच सांगते, आमच्या मागच्या भागात किचन आणि खोलीमधली जी भिंत आम्ही पाडणार होतो तिच्यावरच वरचा स्लॅब टेकलेला आहे. हातोडा मारायच्या आधी ती भिंत भार घेते की नुसता आडोसा आहे हे कुणाला तरी कळत असलं पाहिजे, आणि भिंतीच्या जाडीवरून ते दर वेळी कळतंच असं नाही.

आमचं घर लहान आहे, पण हीच चूक मोठ्या इमारतींत झाली की काय होतं हे जगाने बघितलंय. १९९५ साली दक्षिण कोरियातल्या सोलमधलं सामपूंग नावाचं मोठं दुकान कोसळलं, ५०२ माणसं गेली. तिथे मूळ चार मजल्यांच्या प्लॅनवर पाचवा मजला चढवलेला होता, कॉलम ठरल्यापेक्षा बारीक केलेले, छतावर एसीची अवजड यंत्रं ठेवलेली. २०१३ साली ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, अकराशेच्या वर माणसं गेली, वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले होते आणि आदल्या दिवशी भेगा सगळ्यांना दिसल्या होत्या. घाबरवायला नाही लिहीत, पण इमारत आधी सांगते, ते ऐकून घेणारा माणूस तिथे असावा लागतो.

आमच्या कामात एकदा मोठं भांडण झालं ते सेंटरिंगवरून, म्हणजे ओला स्लॅब धरून ठेवणाऱ्या फळ्या आणि टेकूंवरून. जिन्याचा आणि बाथरूमचा छोटा स्लॅब होता, कॉन्ट्रॅक्टरला पाचव्या दिवशी टेकू काढून दुसऱ्या साइटवर न्यायचे होते, म्हणाले एवढासा तर आहे, काही होत नाही. काँक्रीट सात दिवसांत पूर्ण ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत पोचतं, आणि हिशोबात धरलेली ताकद २८ दिवसांची असते, आणि ती पण रोज पाणी मारलं तरच. मी सात दिवस कुणालाही टेकूला हात लावू दिला नाही आणि पाणी मारायचं काम मुलांनी वाटून घेतलं, सकाळी मोठा, संध्याकाळी धाकटी. काँक्रीट घट्ट वाटलं की कामगार वरून बादलीभर पाणी ओततात म्हणजे ते सहज पसरतं, तेही थांबवा, जास्त पाण्याने काँक्रीट कमजोर होतं. यासाठी घरातलं एक माणूस तिथे उभं राहायला पाहिजे, शिकलेलं असो नसो.

लाइटच्या बाबतीत मीटरपासूनची जुनी वायर वाढलेल्या लोडला पुरते का आणि अर्थिंग चालू आहे का ते आधी तपासून घ्या, ३० मिलीअँपचं गळती पकडणारं ब्रेकर बसवून घ्या. सेप्टिक टँक पाच माणसांसाठी बांधलेला असतो आणि वर अजून पाच येतात हेही कुणाच्या लक्षात येत नाही, आमच्याही आलं नव्हतं. आणि सासूबाईंच्या बाथरूमचं दार आम्ही ९० सेंटिमीटर रुंद केलं, उंबरा काढला, धरायला दांडे लावले. त्या अजून चालत्या फिरत्या आहेत, पण भिंत उघडी होती तेव्हाच हे सोपं होतं.

भाची एक गोष्ट सांगत होती ती मला फार आवडली. चिलीमधल्या इकिके शहरात २००४ साली अलेहांद्रो आरावेना या आर्किटेक्टने ९३ कुटुंबांना अर्धीच घरं बांधून दिली, पण तो अर्धा भाग म्हणजे जो सामान्य माणसाला स्वतःला नीट बांधता येत नाही तो, भक्कम सांगाडा, किचन, बाथरूम, जिना. बाजूला तेवढीच रिकामी जागा सोडली आणि लोकांनी जमेल तसं ती भरली. आपल्याकडे बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्याच्या कितीतरी आधी हाच विचार केला होता, जोतं आणि पाण्या-संडासाची सोय तयार, पुढचं घर कुटुंबाने आपल्या गतीने वाढवायचं. मला यातलं शास्त्र कळत नाही, पण एवढं कळतं की या लोकांनी घर बांधतानाच मान्य केलं की इथली माणसं वाढणार आहेत. आमच्या सासऱ्यांनी पण मान्य केलं होतंच की, सळया सोडल्या होत्या. त्यांना फक्त कुणी सांगितलं नाही की सळयांच्या आधी मागचा पाया रुंद करा, तेव्हा ते थोडक्यात झालं असतं.

म्हणून संपादक साहेब, माझी विनंती आहे की पुरवणीत महिन्यातून एकदा तरी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला अर्धं पान द्या. वाचकांनी घराचं वय, पाया, भेगा कुठे आहेत ते लिहून प्रश्न विचारावेत आणि त्यांनी साध्या भाषेत सांगावं की हे तपासून घ्या, हे करू नका, इथे माणूस बोलवाच. पत्रावरून घराचा निकाल लागत नाही हे मलाही कळतं, पण काय विचारायचं हेच ठाऊक नसतं तिथेच आमच्यासारखे लोक अडकतात. आणि नवीन घर बांधणाऱ्यांना सांगा की पायाचा नकाशा, कॉलम कुठे, सळया किती, याचे फोटो काढून मुलांसाठी जपून ठेवा. आम्ही आमच्या कामाचे सगळे फोटो एका फाइलमध्ये घालून ठेवलेत, मागच्या भागावर काही चढवायचं नाही हे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, आणि ती फाइल कुठे आहे ते मोठ्या मुलाला दाखवून ठेवलंय.

आपली,
एक नियमित वाचक